ताणातले दोन दिवस

माझ्या खुशालमामाच्या पोटात गुपित ठरत नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला तो आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग मामेकुळी. तिथेही काही जुळलं नाही तर सोयऱ्यांचे सोयरे काढतो, आणि एकदा नातं लागलं की घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. असा माणूस आयुष्यात एकदाच एक गुपित ठेवायला निघाला. ते फुटलं, आणि फुटल्यावर त्याची माती करण्यात आम्हा सगळ्यांचा हात होता. माझाही होता, म्हणून हे लिहायला मीच बसले.

मामाची वरूडजवळ चार एकर संत्र्याची बाग आहे. वय सदुसष्ट, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी, गळ्यात बारा महिने मफलर. तोडणीच्या दिवसांत ट्रक भरून संत्री जातात, पण मामा स्वतः खातो ते पक्ष्याने टोचलेलं फळ. पाखराला गोड कळतं तेवढं व्यापाऱ्याला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला राग येत नाही आणि घाईही होत नाही. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही भावंडं त्याच्याकडे राहायला जायचो, तेव्हा त्याच्यामागे बागेतून चालताना मला नेहमी वाटायचं की हा माणूस अर्धा कुठेतरी दुसरीकडेच असतो.

संत्र्याला बहर हवा असेल तर झाडाला आधी तहानलेलं ठेवावं लागतं. डिसेंबर लागला की पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाडं रुसून उभी राहतात, आणि संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत फुलांच्या वासाने शिवार भरून जातं. मधल्या त्या दिवसांना ताण म्हणतात. वर्षभर बागेला बांधलेला माणूस तेवढ्या दिवसांत थोडा सुटा होतो. लग्न, दवाखाना, घराची रंगरंगोटी, सगळं त्यात उरकून घ्यायचं असतं.

या वर्षीचा ताण मात्र वेगळा होता. मामाचा मुलगा नितेश पुण्याला असतो. त्याची बायको प्रणाली बाळंत होऊन सहा महिने झालेले, वीस जानेवारीला तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं. बाळाला कोण सांभाळणार, याचा निकाल दिवाळीतच एका फोनवर लागला होता. माझी पार्वतामामी अठरा तारखेला पुण्याला जाणार होती. महिना-दोन महिन्यांचा प्रश्न नव्हता. नातू शाळेत जाईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं. मामाला बाग सोडता येत नव्हती. यात कोणाची चूक काढायची? पोरगा चांगला, सून चांगली, नातू तर सोन्याचा तुकडा. मामा फोनवर म्हणाला, "बरोबर हाय, जायलेच पायजे," आणि फोन ठेवून झाडांत निघून गेला.

डिसेंबर लागला तसं त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यावर बॉलपेनने लिहायला सुरुवात केली. मामी म्हणाली, "काय लिहून राहिले?" मामा म्हणाला, "आपन दोघं फिराले जाऊ. दोनच दिवस. अमरावतीले."

अमरावती त्यांना काही नवी नव्हती. लग्नाचे बस्ते तिथलेच, दवाखाने तिथले, अंबादेवीचं दर्शन तिथलं. पण प्रत्येक वेळी काम असायचं आणि सोबत दहा माणसं. मुख्य म्हणजे मुक्काम कायम आमच्या घरी. माझी आई, माणिकबाई, मामाची मोठी बहीण. ती अमरावतीत असताना मामा दुसरीकडे उतरतो ही गोष्ट आमच्यात अशक्य कोटीतली. पण बहिणीच्या घरी उतरायचं म्हणजे मामीने ओट्याशी उभं राहायचं आणि मामाने दिवाणावर बसून संत्र्याचा भाव सांगायचा. म्हणून या वेळी लॉज. आणि लॉज म्हणून गुपित.

त्या कागदावर दोन दिवस होते. सकाळच्या एसटीने निघायचं. लॉजवर पिशवी टाकायची आणि उभ्या उभ्या गिला वडा खायचा, दह्यात भिजलेला, वरून लाल तिखट आणि चिंचेची चटणी घातलेला. मामीने आजवर तो घरी बांधून आणलेलाच खाल्ला होता, पार गळून गेलेला. मग छत्री तलावाच्या काठी बसायचं. संध्याकाळी एक बियर. दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून सेमाडोह, तिथे सिपना नदीत पाय सोडून बसायचं, आणि वाघ दिसला तर दिसला.

बियर मामीची होती. ऐकून मलाही हसू आलं होतं. नातवाच्या बारशाला पुण्यात मोठ्या हॉटेलात जेवण होतं. तिथे प्रणालीच्या आईने बियरचा ग्लास घेतला आणि पोट धरून हसल्या. मामीच्या पुढे वेटरने मोसंबीचा ज्यूस ठेवला. जिचा जन्म संत्र्यात गेला तिला मोसंबीचा ज्यूस! मामीला त्या बाईचा राग आला नाही. तिला फक्त हे कळेना, की ती एवढी मोकळी हसली ती बियरमुळे की मुळातच तशी आहे. हे तिने मामाला विचारलं. मामाने तरुणपणी नागपूरला एकदा अर्धा ग्लास घेतला होता, तेवढ्या अनुभवावर त्याला काही सांगता येईना. "घेऊन पाहू," म्हणाला.

मग रोज संध्याकाळी त्यांची सहल सुरू झाली. विहिरीजवळ बाज टाकायची, चहाचे कप खाली ठेवायचे आणि कागद उघडायचा. आजूबाजूला तहानलेली झाडं, पानं आतल्या बाजूला वळलेली, पाखरंही दबकून बोलणारी. "चाल, आज कुठून निघाचं?" मामा विचारायचा. कधी ते एसटीतून निघत, कधी थेट तलावाच्या काठी. मामी म्हणायची, "तुमी उजव्या अंगाले बसजा, तिकडून ऊन येते." मामा कल्पनेतल्या कल्पनेत उठून जागा बदलायचा. एका संध्याकाळी त्याने वड्याची तिसरी प्लेट मागवली म्हणून मामी खरोखरच चिडली, आणि रात्री तिने त्याला अर्धी भाकरी कमी वाढली. सिपनेचं पाणी तर इतक्या वेळा पायाला लागलं की मामी म्हणे, "आता थंडी वाजते बावा, निघू इथून." महिनाभर ते असे गेले आणि आले. अंधार पडून झाडं दिसेनाशी झाली की कागद घडी करून खिशात जायचा.

सगळं ठरलं. उरला लॉजचा फोन. खताच्या दुकानातल्या पियुषने मोबाईलवर एक नंबर काढून दिला. मामाने फोन लावला. खोली दोघांसाठी, तारीख दहा. पलीकडचा म्हणाला, "आधार कार्ड आणजा." काम झालं होतं. इथे कोणाही शहाण्या माणसाने फोन ठेवला असता. पण आमच्याकडे समोरच्याला गाव न विचारता फोन ठेवायचा म्हणजे चहा न पाजता पाहुणा काढून देण्यासारखं आहे.

"बोलन्यावरून आपल्याकडचेच दिसता भाऊ. गाव कोनतं?"

"चांदूर बाजार."

"चांदूर बाजारात कोनाचे?"

"किसनरावचा पोरगा. कुंदन."

"अरे, किसनराव म्हनजे माह्या माणिकताईचे चुलत दीर!" मामाला आनंद मावेना. "मंग तू भासाच झाला की माहा! मी वरूडचा खुशाल."

कुंदन म्हणाला, "मामा, काकू गावात असतानी तुमी लॉजवर कावून?"

आता मामाच्या लक्षात आलं. "काई नाही रे, जरा काम होतं," असं काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला. मामीला हे त्याने सांगितलं नाही. कुंदन चांगला पोरगा आहे, कुठे बोलणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

कुंदन चांगला पोरगाच आहे. म्हणून तर त्याने पाचव्या मिनिटाला माझ्या आईला फोन केला. मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते. आई फोन कानाला लावून भिंतीला टेकली. "लॉज!" ती म्हणाली. "सख्ख्या भावाले लॉज! काय पाप झालं माह्या हातून?" मग रडली. मग तिच्या डोक्यात दुसरंच आलं, आणि ते माझ्याही डोक्यात आलं. आमच्याकडे माणूस गुपचूप अमरावतीला येतो तो दोनच कामांना, दवाखाना नाहीतर कोर्ट. मामाचं कोर्टाशी काही नव्हतं. मामी दसऱ्यापासून वाळल्यासारखी दिसत होती. आईने तेवढ्यावर सगळा आजार ठरवून टाकला, आणि मीही शाळेत भूगोल शिकवणारी शहाणी बाई, मामाला एक फोन करून विचारावं, एवढं मला सुचलं नाही.

दहा तारखेला सकाळी एसटी स्टँडवर आम्ही तिघं हजर. आई, मी आणि गाडी घेऊन माझा नवरा विपुल. बस आली. आधी मामा उतरला, मागून मामी. मोरपंखी साडी, नवा स्वेटर, हातात एक छोटी पिशवी. डबा नाही, संत्र्याची थैली नाही, लोणच्याची बरणी नाही. मामीला मी असं रिकाम्या हातांनी कधीच पाहिलं नव्हतं. उतरताना ती मामाला काहीतरी सांगत हसत होती. तेवढ्यात आईने तिला मिठी मारली आणि मोठ्याने रडायला लागली. मामीने आईच्या खांद्यावरून मामाकडे पाहिलं. मामाने मान खाली घातली. मग मामीने आईची पाठ थोपटली आणि म्हणाली, "चाला बाई, घरी चाला."

घरी रोडग्याचा बेत होता. मोठाले कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजायला गच्चीवर लावलेले, खाली वांग्याची भाजी. आईने भावाची समजूत काढण्यासाठी असा काही घाट घातला होता की पंधरा माणसं जेवायला आली. किसनकाका आले, काकू आल्या, कुंदन लॉजची ड्यूटी बदलून आला आणि मामाच्या पाया पडला. दहाव्या मिनिटाला मामीचा पदर कमरेला खोचलेला होता आणि हात कणकेत होते. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिला कोणी थांबवलंही नाही. मामा दिवाणावर बसून भाव सांगत होता. दर थोड्या वेळाने त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची आणि परत यायची.

उन्हं कलल्यावर मामी भांडी विसळत असताना मी जवळ गेले आणि हळूच विचारलं, "मामी, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"कोनता डॉक्टर?"

"मग लॉज कशाला घेतला होता?"

मामीने नळ बंद केला. "फिराले आलो होतो बाई आमी," ती म्हणाली. मग ताटं पुसता पुसता तिने सगळं सांगितलं. कागद, बाज, तलाव, तिसरी प्लेट, बियर. सांगताना ती हसत होती, पण शेवटी म्हणाली, "तुह्या मायचा जीव हाय आमच्यावर, थे मले समजते. पन अठरा तारखेले मी जातो. दोन दिवस कोनीच नसावं वाटलं होतं गं. माह्या सोबतीले फक्त थे, न त्याईच्या सोबतीले फक्त मी."

मला इतकी लाज वाटली की मी तिथून उठून गच्चीवर गेले. तिथे गोवऱ्यांची राख अजून गरम होती. पंधरा जणांनी मिळून त्यांचा एक दिवस खाल्ला होता, आणि वरून ढेकर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईशी खोटं बोलले. मामीच्या डोळ्यांची तपासणी करायची आहे, नंबर लावला आहे, दिवस मोडेल. आई लगेच चप्पल शोधायला लागली. "एका पेशंटसोबत एकच माणूस सोडतात," मी म्हटलं. "मंग खुशाल कावून?" "तोच तो एक माणूस." आई वरमली. चार वाजताच्या गाडीने परस्पर वरूडला जातील, असं सांगून मी त्यांना पिशवीसकट गाडीत घातलं. मामाला हे सगळं गाडी वळणावर गेल्यावर सांगितलं. तो आधी घाबरला, मग त्याने खिसा चाचपून कागद आहे की नाही ते पाहिलं.

गिला वडा त्यांनी गाडीजवळ उभ्या उभ्या खाल्ला. मामीच्या हनुवटीला दही लागलं आणि मामाने ते आपल्या मफलरने पुसलं. भर रस्त्यात. मी दुसरीकडे पाहिलं. सेमाडोह आता शक्य नव्हतं. नुसतं जायलाच तीन तास, आणि परवा मामाला बागेचं पाणी सोडायचं होतं. छत्री तलावावर त्या दिवशी कोणत्या तरी शाळेची सहल उतरलेली. तेव्हा मी गाडी चांदूर रेल्वेच्या रस्त्याला घातली. शहर संपून पोहऱ्याचं जंगल लागतं तिथे एक गार्डन रेस्टॉरंट आहे. मागच्या बाजूला सागाची झाडं, खाली वेताच्या खुर्च्या, दुपारी चिटपाखरू नसतं. "राहू दे सेमाडोह," मामी म्हणाली. "इथंही झाडंच हायेत." मी साडेतीनला घ्यायला येते म्हटलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं तेव्हा मामा वेटरला दोन बोटं दाखवत होता. "एक बियर. आन गिलास दोन." वेटरला तो गाव विचारत होता का, ते मला ऐकू आलं नाही.

पुढचं मामीने सांगितलं तसं. बियर आली. मामीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय. काढ्यावानी." मग आणखी एक घेतला. "पन थंड हाय." मामाने खुर्ची सरकवून तिच्या डाव्या हाताला घेतली, ऊन त्याच्या पाठीवर येईल अशी. सागाचं एखादं वाळलेलं पान अधूनमधून पडत होतं. लांब कुठेतरी मोर ओरडला. मामा म्हणाला की त्याला तिच्याशी काही बोलायचं आहे. मामी म्हणाली, बोला. पण तो आधी पाण्याचं बोलला, कोणत्या ओळीला आधी सोडायचं, मोटरचा पट्टा कसा बदलायला झाला आहे. उन्हाचे कवडसे टेबलावर हलत होते. पट्ट्याचं सांगता सांगता त्याची मान एका बाजूला कलली, आणि तो झोपला.

मी पोचले तेव्हा पावणेचार होत आले होते. मला पाहून मामीने ओठांवर बोट ठेवलं. मामा खुर्चीत तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता, मफलर छातीवर घसरलेला, केसांत एक सागाच्या पानाचा तुकडा. बाटली रिकामी होती. दोन्ही ग्लासही रिकामे.

"कधीपासून?" मी कुजबुजले.

"तू गेली तवापासूनच म्हन. घंटाभर बोलले असतीन."

"अगं मग उठवायचं! सगळा वेळ गेला तुमचा."

मामी त्याच्याकडेच पाहत होती. "अडतीस वर्सं झाली लग्नाले," ती म्हणाली. "रातची लाईट असते तं थे मोटरवर. मी झोपतो तवा थे बागेत, मी उठतो तवाही बागेत. आजारपनात पाह्यले झोपलेले, पन थे झोप नाही होय. आज पाह्यले. झोपेत भिवया कशा हलवतात, मले मालूमच नव्हतं." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मीही खुर्ची ओढून बसले. बसची वेळ झाली होती, पण कोणाला उठवायचा माझा धीर होईना.

शेवटी वेटरच्या हातून कुठेतरी ताट पडलं आणि मामा दचकून जागा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा इतका पडला की मला पाहवेना. "उठोलं कावून नाही तू मले?" तो मामीला म्हणाला. "दोन दिवस होते. एक ताईकडे गेला आन एक मी झोपीत घालवला."

"माहा नाही गेला," मामी म्हणाली. "मी होतो ना जागी."

"मले बोलाचं होतं तुह्याशी."

"मंग बोला."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी उठून जायला हवं होतं. गेले नाही, खरं सांगते. त्याने मफलर काढला, हातात गोळा केला, परत गळ्यात घातला.

"बोलून काय होते आता," तो म्हणाला. "पोरगा आपला हाय, नातू आपला हाय. जायले तं पायजेच. म्हनूनच म्हनता आलं नाही. महिनाभरापासून म्हनीन म्हनीन करून राहिलो."

"मी तं जाईनच," मामी म्हणाली. "लेकरू कोन पाहीन? तुमी म्हनलं तरी जाईन. पन तुमी म्हना. एकडाव म्हना."

मामा सागाच्या झाडांकडे पाहत होता. मग तिच्याकडे वळला.

"जाऊ नोको," तो म्हणाला.

मामीने डोळे मिटले, आणि ऐकलं अशी मान डोलावली. मग तिने पिशवी उचलली, टेबलाखाली पायाने चपला शोधल्या आणि मला म्हणाली, "चाल बाई. गाडी चुकन."